फोनवर समोरचा ‘कम अगेन?’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा. काटोल तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपुरात बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. लिहिलेलं इंग्रजी बरं आहे, व्याकरण पक्कं आहे. मिहान या नागपूरजवळच्या उद्योग-क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी फोनवर जी पहिली फेरी होते, तिथे दोनदा नाव गळालं. समोरची व्यक्ती सारखी ‘सॉरी?’, ‘कम अगेन?’ म्हणत होती. सीताबर्डीवरच्या एका क्लासमध्ये ‘तुमचा ॲक्सेंट वऱ्हाडी आहे, तो काढावा लागेल’ असं सांगून मोठी फी मागितली आहे. वऱ्हाडी बोली खरंच आड येते का? जिभेचाच काही दोष आहे का? आणि सुरुवात कुठून करायची?

वऱ्हाडीचा यात काहीही दोष नाही. विदर्भातल्या मुलांना ज्या दोन वर्णांवरून बाहेर चिडवतात, ते ळ आणि ण इंग्रजीत मुळात नाहीतच. ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणणाऱ्याला इंग्रजी बोलताना कुठेही ळ उच्चारावा लागत नाही. उलट घरी ‘जवय’ आणि कॉलेजच्या व्यासपीठावर ‘जवळ’ म्हणणारी कितीतरी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. एकाच जिभेवर बोलण्याच्या दोन तऱ्हा सांभाळायची त्यांना लहानपणापासून सवय असते, आणि नागपूरची हिंदी धरली तर तिसरीही. अशा माणसाला चौथी तऱ्हा येते. त्यासाठी आधीची एकही पुसावी लागत नाही, आणि जो पुसायला सांगतो त्याच्याकडे पैसे देऊ नका.

जिभेचं म्हणाल, तर मराठी स्वच्छ बोलता येत असेल तर जीभ ठीक आहे. आपली अडचण जिभेपेक्षा डोळ्यांत आहे. आपण इंग्रजी ऐकून शिकलो नाही, वाचून शिकलो. मराठी बहुतेक जशी लिहितो तशी बोलतो, म्हणून इंग्रजी शब्दातलं प्रत्येक अक्षरही इमानाने उच्चारतो आणि सगळ्या अक्षरांना सारखा मान देतो. खरं तर मराठीतही आपण सगळं लिहिल्याबरहुकूम म्हणत नाही. ‘नागपूर’मधल्या ‘ग’चा अ आपण खातोच, तोंडाने ‘नाग्पूर’ म्हणतो. पण ते कानावरून आलेलं असल्यामुळे कधी जाणवत नाही. इंग्रजीत काय खायचं आणि काय पूर्ण म्हणायचं, हे आपल्याला कुणी ऐकवलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम शब्दातल्या जोराचं. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला आघात म्हणतात. शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा जो भाग असतो, ज्याला शिकवताना सिलॅबल म्हणतात, त्याला मी इथे नुसतं तुकडा म्हणते. इंग्रजीत एकाहून जास्त तुकडे असलेल्या शब्दात एका तुकड्यावर मुख्य जोर असतो. तो तुकडा जरा लांबतो, आवाज जरा वर चढतो, त्यातला स्वर पूर्ण उमटतो. बाकीचे तुकडे मात्र आखडतात, आणि हे आखडणंच आपल्याकडून होत नाही. मराठीत ‘कमळ’ म्हणताना ‘क’वर जोर द्या की ‘मळ’वर, कमळ ते कमळच राहतं. इंग्रजीत जोराची जागा शब्दाच्या ओळखीचा भाग आहे. ऐकणारा त्या जोराच्या तुकड्याला धरून शब्द शोधतो. तो चुकीच्या जागी पडला की बाकीचे सगळे ध्वनी बरोबर असूनही शब्द सापडत नाही, आणि तो सापडेपर्यंत तुमचं वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. ‘कम अगेन?’ येतं ते इथून.

तुमच्या मुलाखतीत हमखास येणारे शब्द घ्या. ‘डेव्हलप’मध्ये आपण ‘डे’ ठासून म्हणतो. जोर दुसऱ्या तुकड्यावर हवा: डि-व्हे-लप, आणि ‘डि’ अगदी हलका. ‘सर्टिफिकेट’मध्ये जोर ‘टि’वर, आणि शेवटी ‘केट’ नाही, ‘किट’. ‘इव्हेंट’, ‘परसेंट’, ‘हॉटेल’, ‘पोलीस’, ‘सिमेंट’ या सगळ्यांत जोर दुसऱ्या तुकड्यावर. ‘मॅनेजमेंट’, ‘कॅरेक्टर’, ‘इंडस्ट्री’, ‘कॉमर्स’ यांत पहिल्यावर. ‘कमिटी’त मधल्यावर. ‘इंजिनिअर’मध्ये शेवटच्यावर, आणि तीच गत ‘व्हॉलंटिअर’ची. नागपूर ज्या फळासाठी ओळखलं जातं त्यातही आपण ‘रेंज’ ओढून म्हणतो. इंग्रजीत जोर ‘ऑ’वर आणि पुढे नुसतं ‘रिंज’.

एक शब्द तर मुलाखतीत जीवघेणा ठरतो. ‘करिअर’मध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर असतो आणि पहिला ‘क’ जेमतेम ऐकू येतो. आपली मुलं ‘कॅ’वर जोर देऊन ‘कॅरिअर’ म्हणतात, आणि तो वेगळाच शब्द आहे, सायकलच्या मागे असतं ते. ‘मला कॅरिअर घडवायचंय’ असं ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं. तो संदर्भाने समजून घेतो, पण त्याला थांबावं लागतं.

काही जोड्यांत जोराने शब्दाची जातच बदलते. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’, ‘इंपोर्ट’, ‘एक्सपोर्ट’, ‘प्रोजेक्ट’ यांत नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘एक्सपोर्ट’ हा धंदा सांगायचा असेल तर ‘एक्स’वर, ‘आम्ही संत्री एक्सपोर्ट करतो’ हे इंग्रजीत सांगायचं असेल तर ‘पोर्ट’वर. सगळीच नाम-क्रियापदं अशी वागत नाहीत. ‘रिपोर्ट’मध्ये दोन्हीकडे जोर दुसऱ्यावरच राहतो.

नियम पुष्कळ आहेत, पाठ करत बसू नका. दोनच लक्षात ठेवा, कारण त्यांत शेकडो शब्द येतात. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर: एज्यु-‘के’-शन, इक-‘नॉ’-मिक, इलेक्-‘ट्रि’-सिटी. आणि शेवटी ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘क्रसी’ असेल तर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. म्हणूनच ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफी’त तो ‘टॉ’वर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफी’सारखा ऐकू येतो, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर जातो. ही तीन रूपं पाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. जोर सरकताना स्वर कसे रंग बदलतात ते कानाला लगेच कळतं.

जोर नसलेल्या तुकड्यात इंग्रजीचा जो पुसट स्वर येतो, तो म्हणजे जवळपास आपला अ. ‘गवत’मधला, ‘कमळ’मधला. जगातल्या कितीतरी भाषांच्या लोकांना हा स्वर नव्याने शिकावा लागतो, आपल्याला तो जन्मापासून येतो. ‘अबाउट’, ‘अगेन’ आपण बरोबर म्हणतो, कारण तिथे स्पेलिंगमध्ये आणि कानात दोन्हीकडे अ जुळतो. पण ‘पोटॅटो’च्या पहिल्या तुकड्यात, ‘कॉम्प्युटर’च्या पहिल्या तुकड्यात, ‘ऑफिशियल’च्या पहिल्या तुकड्यात डोळ्यांना ओ दिसतो आणि तोंडातून ओ-ऑ निघतो. तिथे अ घाला: पटेटो, कम्प्यूटर, अफिशल. एवढा एक बदल केला की शब्द आपोआप आटोपशीर होतो आणि जोराचा तुकडा उठून दिसतो.

एक गोष्ट मात्र जपा. मराठी बोलताना ‘हॉटेल’, ‘पोलीस’, ‘इंजिनिअर’ मराठी वळणानेच म्हणा. ते शब्द आता मराठीचे झाले आहेत आणि त्यांचा मराठी उच्चार चूक नाही. आईशी बोलताना मध्येच इंग्रजी जोर देणारी मुलं मला फार अवघडलेली वाटतात.

मी जोरावर एवढी अडून बसते, त्याला कारण आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसाचं इंग्रजी बाहेरच्या श्रोत्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या मोठ्या कारणांत चुकीच्या जागी पडलेला शब्दाघात त्यांना ठळकपणे दिसला. पुढे २००० साली ब्रिटिश भाषाभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी वेगळा विचार मांडला. इंग्रजी आता वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी बोलतात, तेव्हा कळण्यासाठी जे खरोखर लागतं तेवढंच शिकवावं, इंग्रजांची हुबेहूब नक्कल नको, असं त्यांचं म्हणणं. ते मला पूर्ण पटतं. पण त्यांनी शब्दाघातही ऐच्छिक ठरवला, तिथे मी त्यांच्यासोबत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना फोनच्या पलीकडे कधी बंगळुरू, कधी टेक्सास, कधी मँचेस्टर मिळतं, आणि अडकणारा शब्द तपासला की बहुतेक वेळा जोरच हललेला असतो.

शब्दांनंतर वाक्य. मराठीत आपण म्हणतो, ‘मीच फाईल पाठवली’, ‘मी फाईलच पाठवली’, ‘मी फाईल पाठवलीच’. एक ‘च’ जागा बदलतो आणि वाक्याचा रोख बदलतो. इंग्रजीत असा ‘च’ नाही. तिथे ‘आय सेंट द फाईल’ हे वाक्य जसंच्या तसं राहतं आणि ते काम आवाज करतो. ‘आय’वर चढलात तर ‘मीच’, ‘फाईल’वर चढलात तर ‘फाईलच’, ‘सेंट’वर चढलात तर ‘पाठवलीच’. आपली मुलं हे वाक्य तिन्ही प्रसंगी एकाच सपाट सुरात म्हणतात, कारण मराठीत आवाजाला हे काम करायची फारशी गरज पडत नाही, ‘च’ आणि शब्दांचा क्रम ते करून टाकतात. तुम्ही उलट करा. बोलायचं वाक्य मनात आधी मराठीत म्हणा, ‘च’ कुठे लागला असता ते पाहा, आणि इंग्रजीत त्या शब्दावर आवाज चढवा. समोरच्याने विचारलं, ‘हॅव यू वर्क्ड इन सेल्स?’ तर तुमचं उत्तर ‘नो, आय हॅव वर्क्ड इन अकाउंट्स’. इथे ‘अकाउंट्स’चा ‘काउ’ सगळ्यांत वर. ‘वर्क्ड’वर जोर दिलात तर ऐकणारा गोंधळतो, कारण काम केलंय हे त्याने विचारलेलंच आहे. हे तंत्र वर्गात सांगितलं की मुलांचं इंग्रजी आठवड्याभरात जिवंत ऐकू यायला लागतं. बाकी कुठल्याच सरावाचा इतका लवकर परिणाम मी पाहिलेला नाही.

याच अनुषंगाने वाक्याच्या शेवटाबद्दल. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि शेवटचं ‘आहे’ निम्मं गिळलं तरी काही बिघडत नाही; ‘झालं आहे’चं ‘झालंय’ होतं. सांगायचं ते त्याआधी येऊन गेलेलं असतं. त्यामुळे शेवटाकडे आवाज सोडून द्यायची आपल्याला सवय. इंग्रजीत नवी माहिती बहुधा शेवटी येते: ‘आय लिव्ह इन धरमपेठ’, ‘आय ग्रॅज्युएटेड इन कॉमर्स’, ‘आय कॅन जॉइन ऑन मंडे’. ‘धरमपेठ’, ‘कॉमर्स’, ‘मंडे’ हेच तर सांगायचं होतं, आणि नेमके तेच शब्द फुसफुसत संपतात. शेवटचा अर्थाचा शब्द येईपर्यंत श्वास पुरवा. त्या शब्दाच्या जोराच्या तुकड्यावर आवाज ठेवा आणि मग खाली आणा. विधान संपताना सूर उतरला पाहिजे. वर अधांतरी राहिला तर तुम्ही प्रश्न विचारताय किंवा खात्री नाही, असं वाटतं.

‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘ॲट’, ‘वॉझ’, ‘कॅन’ असे छोटे शब्द मात्र आखडायचे, ते मघाच्या अ-पर्यंत येतात. यातला ‘कॅन’ काळजीने घ्या. ‘आय कॅन जॉइन’ म्हणताना ‘कॅन’वर जोर दिलात, तर अमेरिकन कानाला ते ‘येऊ शकत नाही’ असं ऐकू येऊ शकतं. त्यांच्याकडे होकाराचा ‘कॅन’ आखडून नुसता ‘क्न’ होतो आणि नकाराचा ‘कॅन्ट’ पूर्ण, जोरात येतो. त्यातला शेवटचा ट तर बहुतेक ऐकूच येत नाही. म्हणजे फरक सगळा जोरात असतो. होकार द्यायचा असेल तर ‘जॉइन’वर चढा. नकार द्यायचा असेल तर ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणा.

आता ध्वनी. यांवर क्लासमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि माझ्या मते सगळ्यात कमी जायला हवा. ज्याची तुम्हाला धास्ती आहे, तो ‘थिंक’मधला आणि ‘धिस’मधला ध्वनी, तो सोडून द्या. जीभ दातांत धरून हवा सोडायची, हे इंग्रजांचं. आपण तिथे थ आणि द वापरतो, ते सगळ्या जगाला कळतं. ट-डचंही तसंच. आपली जीभ टाळूकडे वळते, त्यांची हिरडीला टेकते. भारतीय वळण कळेल एवढंच, अर्थ हरवणार नाही. अमेरिकन ग्राहकांशी बोलायची नोकरी लागली तर मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क-ला थोडा श्वास द्यायला शिका, कारण आपला कोरडा ‘पिन’ त्यांना ‘बिन’ वाटू शकतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हणा, कपटा हलला पाहिजे. ‘स्पिन’, ‘स्टॉप’मध्ये स-नंतर हा श्वास नको, तिथे आपला नेहमीचा प-ट अगदी बरोबर आहे.

दोन ध्वनींवर मात्र मी अडते. पहिला, आपण मराठीत झ लिहितो तो. ‘झिरो माईल’, ‘झेरॉक्स’, ‘साईझ’. झ आणि ज म्हणताना जीभ वर टेकते आणि मग सुटते. इंग्रजीत इथे जीभ टेकतच नाही. लांब ‘स्स्स्’ म्हणा, गळ्यावर बोट ठेवा, आणि स म्हणता म्हणताच कंठाचा आवाज चालू करा. बोटाला कंप लागला की तो ध्वनी आला. मराठी माणूस याच्या अगदी जवळ उभा असतो: ‘जग’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज आपण वेगळे म्हणतो, आणि ‘जग’मधल्या ज-चा उत्तरार्ध म्हणजे जवळजवळ हाच ध्वनी. सुरुवातीची टेक तेवढी काढायची. ‘बिझनेस’, ‘रिझन’, ‘रिझल्ट’, ‘प्रेझेंट’ यांवर घोटा. श म्हणता म्हणता कंठ चालू केला की ‘टेलिव्हिजन’, ‘मेजरमेंट’मधला ध्वनीही असाच मिळतो.

दुसरा व. इंग्रजीत दोन आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि ओठाला गुदगुल्या होतात: व्हॅन, व्हॅल्यू, व्हिजिट. दुसऱ्यात दातांचा संबंध नाही, ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल होतात आणि उघडतात: वॉटर, वर्क, वेट. मराठी लिहिताना आपण पहिल्याला व्ह आणि दुसऱ्याला व लिहून फरक राखतो. घोटाळा असा की ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ हेही आपण व्ह-ने लिहितो, आणि ते तर गोल ओठांचे आहेत. शिवाय व्ह लिहिल्यामुळे ह-ही उच्चारला जातो, तो दोन्हींत नको. आरशासमोर ‘व्हेरी वेल’ म्हणा: आधी दात, मग गोल ओठ. दोन शब्दांचा हा सराव पुरेसा आहे.

शब्दांचे शेवट सांभाळा. भूतकाळाची रूपं ‘वर्केड’, ‘आस्केड’, ‘चेकेड’ अशी ऐकू येतात, ती स्पेलिंग वाचल्यामुळे. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळा ‘इड’ येतो: वाँटेड, नीडेड. क, प, स, श, फ, च-नंतर नुसता ट: वर्क्ट, आस्क्ट, चेक्ट. बाकी सगळीकडे नुसता ड. तुम्ही कॉमर्सचे, म्हणून एवढं आणखी: ‘डेब्ट’ नाही, ‘डेट’, त्यातला ब मुका आहे, आणि ‘रिसीट’मधला प-ही मुका. नागपुरात राहून ‘इस्टेशन’, ‘इस्टाफ’ तोंडात बसलं असेल, तर तो पुढचा ‘इ’ काढून टाका. मराठीत ‘स्नान’, ‘स्थान’ म्हणता येतं, मग ‘स्टाफ’ही येतो.

फोनवर आणखी एक अडचण असते, आणि तिथे चूक तुमची नसते. जुन्या पद्धतीच्या फोन-जोडणीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जातो. स-ची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे फोनवर स आणि फ एकसारखे ऐकू येतात. फोर-जीच्या नव्या जोडणीत हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो, पण समोरच्या ऑफिसची लाइन तशी असेलच असं नाही. म्हणून नावाचं किंवा ई-मेलचं स्पेलिंग सांगताना विमानवाहतुकीत १९५६ पासून चालत आलेली नावं वापरा: ‘एस फॉर सिएरा’, ‘एफ फॉर फॉक्सट्रॉट’, ‘बी फॉर ब्राव्हो’, ‘डी फॉर डेल्टा’. तुमच्या नावातली अक्षरं तेवढी पाठ करा. आकड्यांत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा गोंधळ ठरलेला. तेरा-पंधराच्या आकड्यांत जोर ‘टीन’वर, ई लांब आणि शेवटचा न पूर्ण वाजवायचा. तीस-पन्नासमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, ‘टी’ आखूड. पगाराचा आकडा सांगताना हा फरक चुकणं परवडत नाही. शंका आली तर ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झिरो’ असे अंक सुटे म्हणा. मोबाईल नंबर तीन-तीन-चार अशा गटांत सांगा आणि प्रत्येक गटानंतर थांबा.

‘हळू बोल’ असं तुम्हाला सगळे सांगत असतील. त्याने नुकसानच होतं, कारण मुलं एकेक शब्द सुटा करून म्हणायला लागतात, छोटे शब्दही ताठ उभे राहतात आणि जोराची सगळी घडी मोडते. शब्दांचा वेग आहे तोच ठेवा, थांबे वाढवा. वाक्य अर्थाच्या गटांत तोडा: ‘आय कम्प्लीटेड माय स्कूलिंग इन काटोल’, थांबा, ‘अँड देन आय मूव्ह्ड टू नागपूर’, थांबा, ‘फॉर माय ग्रॅज्युएशन’. गटाच्या आत शब्द एकमेकांना चिकटू द्या. श्वास थांब्यावर घ्या, गटाच्या मध्ये नको.

सरावासाठी रोज पंधरा-वीस मिनिटं द्या, पण रोज. तुमच्या क्षेत्रातले आणि परिचयात येणारे शब्द वहीत काढा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. तिथे उच्चाराच्या चिन्हांत जोराच्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते आणि शेजारी ऐकायची खूण असते. वहीत जोराच्या तुकड्याखाली रेघ मारा. मग मोबाईलवर स्वतःचा परिचय रेकॉर्ड करा, ऐका, आणि एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा. ऐकण्यासाठी परदेशी मालिका धरू नका. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐका. तिथलं इंग्रजी भारतीय आहे, स्वच्छ आहे, जोर जागेवर आहेत, आणि ते तुम्हाला गाठता येण्यासारखं आहे. निवेदकाचं एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चढ-उतारात म्हणायचं. खोलीवर सोबत्यांसमोर संकोच वाटत असेल तर सकाळी एखाद्या बागेत जा. तिथे मोठ्याने बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. तीन-चार महिन्यांत फरक तुम्हाला नाही, समोरच्याला आधी जाणवतो: ‘सॉरी?’ कमी होतात.

क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. चांगला शिक्षक तुमची चूक तुमच्याआधी ऐकतो, आणि त्याला मोल आहे. पण फी भरण्याआधी एक तास बसू द्या असं सांगा. त्या तासात प्रत्येक मुलाला स्वतः मोठ्याने बोलायला मिळतं का, शिक्षक जोराबद्दल काही सांगतात का, चूक कुठे झाली ते शब्दागणिक दाखवतात का, हे बघा. सगळा तास अमेरिकन र गुंडाळण्यात गेला तर उठून या.

आणि पुढच्या वेळी फोनवर ‘कम अगेन?’ आलंच, तर तेच वाक्य तसंच, फक्त मोठ्या आवाजात, पुन्हा म्हणू नका. आवाज वाढला की सगळेच तुकडे सारखे वाढतात आणि अडलेला शब्द तिथेच अडतो. क्षणभर थांबा, त्या वाक्यातला कळीचा शब्द कोणता होता ते ठरवा आणि तेवढाच आधी सांगा, जोर जागेवर ठेवून: ‘अकाउंट्स.’ मग थांबून पूर्ण वाक्य: ‘आय वर्क्ड इन अकाउंट्स.’ तरीही कळलं नाही तर शब्द बदला: ‘आय प्रिपेअर्ड बिल्स अँड बॅलन्स शीट्स.’ असे दोन पर्यायी शब्द परिचयातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दासाठी आधीच वहीत लिहून ठेवा आणि फोन येईल त्या दिवशी वही समोर उघडी ठेवा. फोनच्या फेरीत ती कुणाला दिसत नाही.